तीन पेट्या आणि एक पंप: सातेरीच्या प्रकल्पाच्या नोंदी, घणसोली

५ जानेवारी २०२५, रविवार

सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या काल रात्री जावळीहून आल्या. वाशी मार्केटला भाजी घेऊन येणाऱ्या टेंपोत, फ्लॉवरच्या पोत्यांवर. दोन भरलेल्या, एक रिकामी. दारांना जाळी ठोकलेली, चौकटी हलू नयेत म्हणून सुतळीनं आवळलेल्या. तात्या ड्रायव्हरशेजारी बसून आले आणि वाटेत दोनदा गाडी थांबवून त्यांनी पेट्यांना कान लावला. ड्रायव्हरला वाटलं आत बॉम्ब आहे.

तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. चाळीस वर्षं त्यांनी गावाला सातेरी पाळली. पहिल्या पेट्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडून मिळाल्या होत्या, असं सांगतात. आता मुलाकडे घणसोलीच्या सिम्प्लेक्स वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहतात आणि दुपारभर खिडकीतून ठाणे-बेलापूर रोड बघतात. मी महापेला फर्मवेअर, म्हणजे यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर, लिहितो. म्हणजे एकाला माशी कळते, दुसऱ्याला मायक्रोफोन. एवढ्या भांडवलावर प्रकल्प सुरू.

जागा: घणसोली आणि रबाळे यांच्या मधे, रुळांना लागून असलेली ओळखीच्यांची रोपवाटिका. पूर्वेला गवळीदेवचा डोंगर, पश्चिमेला खाडीकडची तिवरं. सातेरी चाऱ्यासाठी फार लांब जात नाही, किलोमीटरभर धरून चालायचं. त्यामुळे रोपवाटिका, सोसायट्यांच्या बागा आणि रस्त्याकडेची झाडं हेच तिचं शेत.

काय साधायचं आहे: झाकण न काढता तीन प्रश्नांची उत्तरं. राणी आहे का? खायला आहे का? निघून जायच्या बेतात आहेत का? तिसरा प्रश्न तात्यांनी घातला. मेलिफेरा, म्हणजे युरोपातून आणलेली माशी, सहसा पेटीला चिकटून राहते. सातेरीचं तसं नाही. जागा आवडली नाही, भूक लागली, मुंग्या झाल्या, कुणी रोज उघडून बघायला लागलं, की सगळी वसाहत राणीसकट उठून जाते. तात्यांच्या शब्दांत, "ही भाडेकरू हाय. कटकट केलीस की घर खाली."

१२ जानेवारी, रविवार

प्रत्येक पेटीत एक ईएसपी-३२ (वायफाय असलेला चिमुकला संगणक), एक आयएनएमपी-४४१ मायक्रोफोन, मधल्या दोन पोळ्यांच्या फटीत तापमानाचा एक सेन्सर, झाकणाखाली आर्द्रतेचा एक. खाली वजनकाट्याचे चार लोडसेल. वर छोटं सोलर पॅनेल.

तापमानाच्या सेन्सरनं अर्धा दिवस खाल्ला. स्टीलच्या नळीतला आणला होता. नळी ६ मिलिमीटर जाड, आणि सातेरीच्या दोन पोळ्यांमधली वाट इतकी चिंचोळी की नळी गेली की माशीची ये-जा बंद. शेवटी नळी फोडून आतली उघडी चिपच तारेला जोडली आणि प्लास्टिकची आवळती नळी चढवली. मायक्रोफोनला बारीक स्टीलची जाळी. मेलिफेराच्या पेटीत सेन्सरवर डिंकासारखा राळेचा थर चढतो; सातेरी राळ गोळा करत नाही, तेवढं बरं आहे.

दर पंधरा मिनिटांनी ३० सेकंद आवाज, १६,००० हर्ट्झनं. एका तुकड्याला ०.९६ एमबी, दिवसाला ९६ तुकडे, म्हणजे पेटीमागे रोज ९२ एमबी. ३२ जीबीचं कार्ड वर्षभर जवळपास पुरेल. वायफायवरून फक्त आकडे पाठवायचे, आवाज कार्डावर.

तात्यांनी सगळं शांतपणे बघितलं. मग म्हणाले, "एवढ्या तारा माशीला कशाला? ती काय आयशीयूत हाय व्हय?"

२६ जानेवारी, रविवार

पहिला अपघात. पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असतात, मुंग्या चढू नयेत म्हणून. सकाळी पेटी २ च्या दारात मुंग्यांची रांग. वाट्या भरलेल्या. पाच मिनिटं डोकं खाजवलं. मग दिसलं: लोडसेलची केबल पेटीतून उतरून जमिनीला टेकली होती. मुंग्यांसाठी मीच पूल बांधला होता.

केबल वर उचलली, मधे ग्रीसचा पट्टा मारला. तात्या काही बोलले नाहीत, फक्त हसले, आणि ते जास्त लागलं.

शिवाय सोलर पॅनेलच्या दांड्यावर माश्या खाणारा वेडा राघू येऊन बसायला लागला आहे. समोर पेटीचं दार, बसायला उंच जागा. दांडा पेट्यांच्या मागे हलवला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज विभाजन. पेटी १ जोरात होती. तात्यांनी धुराची एक फुंकर दिली, राणी असलेली चौकट ओळखून बाजूला ठेवली, आणि अंडी व कोवळ्या अळ्यांच्या तीन चौकटी भरपूर माश्यांसकट रिकाम्या पेटी ३ मधे नेल्या. पेटी ३ पलीकडे, पंपाच्या खोलीजवळ, कारण सावली तिथेच आहे. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

आता पेटी ३ ला राणी नाही. माश्या कोवळ्या अळ्यांपैकी काहींना राणीसारखं वाढवतील. अळी आधीच काही दिवसांची असल्यानं बारा दिवसांच्या आसपास नवी राणी बाहेर पडावी. पुढे तिचं उड्डाण, मिलन, मग अंडी. माझ्यासाठी ही सोन्यासारखी संधी: बारा दिवस खात्रीनं "राणी नाही" असं लेबल.

दरम्यान इंटरनेटवरचा खुला डेटा उतरवला. ओपन सोर्स बीहाइव्ह्ज आणि नू-हाइव्ह या प्रकल्पांतल्या ध्वनिफिती, राणी आहे-नाही अशी नोंद असलेल्या. त्यावर शिकवलेल्या मॉडेलला आमचा आवाज ऐकवला तर ते तिन्ही पेट्यांना "राणी नाही" म्हणतं. दोष मॉडेलचा नाही. तो सगळा मेलिफेराचा आवाज. सातेरी अंगानं लहान, पंख जास्त वेगानं हलतात, गुणगुण वरच्या पट्टीत. पुरुषांच्या आवाजावर शिकून मुलीला "आजारी आहेस का" विचारण्यासारखं आहे.

२ मार्च, रविवार

तात्यांनी पेटी ३ तील एकच चौकट उचलून उन्हाकडे धरली. घरट्यांच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखी अंडी. प्रत्येक घरात एक. राणी आली, लागली, चाळीस सेकंदांत चौकट परत आत.

मी म्हटलं, सगळ्या चौकटी बघू या, फोटो काढतो. "एक अंडं दिसलं म्हंजे राणी हाय. दहा अंडी दिसली तरी राणी एकच. ठेव झाकण."

९ मार्च, रविवार

मॉडेल तयार. आवाजाचे मेल-स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणी कुठला सूर किती जोरात ते दाखवणारी चित्रं) काढले, छोटं तीन थरांचं न्यूरल नेटवर्क. एकूण ३,४५६ तुकडे: पेटी ३ चे १,१५२ "राणी नाही", पेटी १ आणि २ चे त्याच बारा दिवसांतले २,३०४ "राणी आहे". पाचवा हिस्सा चाचणीसाठी बाजूला. अचूकता ९७ टक्के.

रात्री घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "सत्त्याण्णव म्हणजे पास ना?" त्यांना पेढे दिले.

१६ मार्च, रविवार

पेढे परत घ्यावे लागणार बहुतेक.

पेटी ३ मधे राणी आहे, पंधरा दिवसांपूर्वी अंडी दिसली. मॉडेल रोज सांगतं: पेटी ३, राणी नाही, खात्री ९० टक्क्यांच्या वर. पेटी १ आणि २ ठीक. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते सहा हट्ट सगळ्यात जास्त.

२१ मार्च, शुक्रवार

ऑफिसला दांडी. देखभालीसाठी लाइट नव्हती, त्यामुळे रोपवाटिकेत शांतता. पेटी ३ ची "राणी नाही" ची खात्री पहिल्यांदाच ६० टक्क्यांवर आली. दुपारी लाइट आली, माळ्यानं पंप सुरू केला, आणि माझ्यासमोर फोनवर आकडा ९४ झाला.

पंप. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऊन वाढलं म्हणून माळी दिवसातून दोनदा पाणी देतो. दोन पोलची मोटर, सेकंदाला साधारण ४८ फेरे, आणि आतल्या पंख्याला पाच पाती. ४८ गुणिले ५ म्हणजे २४० हर्ट्झ. स्पेक्ट्रोग्राममधे ती रेघ मी महिनाभर बघत होतो. सरळ, बारीक, न हलणारी. माशी इतकी सरळ रेघ कधीच काढत नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मी तिला "राणीविना माश्यांचा सूर" असं नाव देऊन वहीत गोलही केला होता. लोकलचा खडखडाट मात्र मी पहिल्याच दिवशी गाळून टाकला होता, कारण तो कानाला ऐकू येतो. पंपाची आपल्याला सवय होते.

मग पंप बंद असतानाही ६० टक्के का? कारण पेटी ३ नवी आहे, लाकूड वेगळं आहे, तिचा घुमारा वेगळा आहे. मॉडेल पेटी ओळखायला शिकलं होतं, राणी नाही. चाचणीसाठी बाजूला काढलेले तुकडेसुद्धा त्याच पेट्यांचे, त्याच दिवसांचे. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली होती.

हिशेब पुन्हा मांडला. "राणी नाही" चे नमुने १,१५२ नव्हते. एक होता. एकच पेटी, एकदाच. त्या एकाच घटनेचे मी १,१५२ फोटो काढले होते.

२३ मार्च, रविवार

तात्यांना विचारलं, आणखी दोन-तीन पेट्यांची राणी थोड्या दिवसांसाठी काढता येईल का? योग्य चाचणीसाठी वेगवेगळ्या पेट्यांतली उदाहरणं हवीत.

ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. "राणी काढून ठेवायची. माशीला बोंबलाय लावायचं. कशासाठी? ती बोंबलती कशी ते तुझ्या मशीनला कळावं म्हणून. आन् मशीन कशाला? तर माशीला तरास होऊ नये म्हणून."

याला उत्तर नव्हतं. राणीचं मॉडेल बाजूला ठेवलं.

३० मार्च, गुढीपाडवा

वजनावर काम. आलेख बघून आधी आनंद झाला: दुपारी पेटीचं वजन ३०० ग्रॅमनं वाढतं! मग लक्षात आलं की रिकाम्या स्टँडचंही वाढतं. लोडसेल तापला की आकडा सरकतो. शिवाय दिवसा निम्म्या माश्या बाहेर असतात. आता फक्त पहाटे पाचचा आकडा धरायचा: सगळ्या माश्या घरात, काटा थंड. तात्यांच्या मते पहाटे पेटी हातानं जरा उचलून बघणं हीच पद्धत. त्यांचा अंदाज आणि काटा यांच्यात दीडशे ग्रॅमचा फरक निघाला, तोही एकाच पेटीत.

२० एप्रिल, रविवार

जांभूळ संपत आलं, करंज भरात. पेटी २ चं पहाटेचं वजन रोज ८०-९० ग्रॅमनं वाढतंय. रस्त्याकडेचा सोनमोहरही फुललाय.

बाहेर ३८ अंश, पेटीच्या मध्यभागी ३५.१. हा आकडा बघून मी खरंच थांबलो. ज्या भागात अंडी-पिल्लं असतात तो भाग माश्या ३४-३५ अंशांवर धरून ठेवतात. थंडीत अंगाची ऊब देऊन, उन्हाळ्यात पाणी आणून शिंपडून आणि पंखांनी वारा घालून. दारात आठ-दहा माश्या ओळीनं उभ्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. मेलिफेरा वारा घालताना तोंड आत करते आणि हवा बाहेर ओढते. सातेरी उलट बाहेरची हवा आत ढकलते. तात्यांना हे माहीत होतं, पण यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

माळ्याकडून मातीचं भांडं घेतलं, पाणी आणि माशी बुडू नये म्हणून खडे टाकले.

४ मे, रविवार

मध काढला. पेटी १ मधून १.६ किलो, पेटी २ मधून २.४. पेटी ३ ला हात लावला नाही, ती अजून लहान आहे. पेटी २ ची शेवटची चौकट तात्या ठेवायला सांगत होते. ऑफिसातल्या चौघांना बाटल्या कबूल केल्या होत्या, म्हणून मी आग्रह केला.

११ मे, रविवार

वाचनात एक जुनी गोष्ट आली आणि तात्यांना सांगितल्याशिवाय राहवेना. एडी वुड्स नावाचा बीबीसीचा ध्वनी अभियंता, स्वतः मधपाळ. त्यानं माश्यांचा आवाज ऐकून वसाहत फुटणार आहे का, म्हणजे एकीच्या दोन होणार आहेत का, ते आधीच सांगणारं यंत्र बनवलं, नाव ॲपिडिक्टर, १९५७ चं अमेरिकी पेटंट. त्याचं म्हणणं, फुटण्याआधी २२५ ते २८५ हर्ट्झच्या पट्ट्यातला आवाज वाढतो. कोवळ्या, काम नसलेल्या माश्यांचा. यंत्रात ना संगणक, ना मॉडेल. एक फिल्टर, एक काटा आणि कानाला लावायचा हेडफोन. शिवाय पेटीला टिचकी मारून आतून येणारा फिसकारा ऐकायची सोय.

टिचकी ऐकून तात्या उठले आणि पेटी १ वर बोटाचं पेर आपटलं. आतून "स्स्स" आणि लगेच शांत. "राणी हाय. राणी नसली की लई येळ कण्हत बसत्यात."

हे मोजता येतं! टिचकीनंतर आवाज मूळ पातळीवर यायला किती सेकंद लागले, एवढाच आकडा. पेटी कुठल्या लाकडाची, पंप सुरू आहे का, याच्याशी फारसा संबंध नाही, कारण तुलना त्याच पेटीच्या टिचकीआधीच्या आवाजाशी. मी लगेच म्हटलं, एक छोटा सोलेनॉइड (विजेनं ठोका देणारी दांडी) बसवतो, रोज रात्री नऊला आपोआप टिचकी.

"रोज रात्री नऊला तुझ्या दारावर कुणी टकटक केलं तर तू ऱ्हाशील त्या घरात?"

तोडगा: दर रविवारी तात्यांच्या बोटानं एक टिचकी. सोलेनॉइड परत डब्यात.

२६ मे, सोमवार

मुंबईत मान्सून दाखल. हवामान खात्याच्या नोंदीतला आजवरचा सगळ्यात लवकर. रोपवाटिकेत घोटाभर पाणी, स्टँड उंच आहेत म्हणून पेट्या कोरड्या.

तात्या भाताच्या राबासाठी शुक्रवारीच गावी गेले आहेत. जाताना सांगून गेले: मृगाला पाक द्यायला सुरुवात कर. म्हणजे ७ जून. कॅलेंडरवर खूण केली.

८ जून, रविवार

काल संध्याकाळी तिन्ही पेट्यांत साखर-पाणी समभाग उकळून, गार करून, वाटीत काड्या टाकून ठेवलं. पेटी १ आणि ३ मधली वाटी सकाळी चाटूनपुसून साफ. पेटी २ मधे निम्मी शिल्लक.

पेटी २ चा तापमान सेन्सर बिघडला असावा. ३४.५ वरून ३३.१ पर्यंत उतरलाय. आर्द्रतेचा सेन्सर तर आठवडाभर १०० वर अडकलेला. उघडी चिप वापरली त्याचं फळ, पाय ओले झाले असणार. उघडीप मिळाली की बदलू.

१५ जून, रविवार

दिवसभर धार. गेलो नाही. पेटी २: ३१.८. नवा सेन्सर मागवला.

२२ जून, रविवार

पेटी २ रिकामी.

सकाळी थोडी उघडीप होती. मी सव्वाबाराला नवा सेन्सर घेऊन पोचलो. दारात एकही माशी नाही. टिचकी मारली, काही नाही. झाकण काढलं: पाच पोळी, स्वच्छ. मध नाही, अंडी नाहीत, अळ्या नाहीत, मेलेल्या माश्यांचा ढीगही नाही. घर झाडून, भाडं चुकतं करून गेल्यासारखं.

लॉगर मात्र चालू होता. ११ वाजताच्या तुकड्यात आवाज चढायला लागलेला. ११:१० ते ११:२१ या अकरा मिनिटांत वजन ९४० ग्रॅमनं उतरतं. मग सपाट रेघ.

जुना सेन्सर काढून घरी कपातल्या पाण्यात थर्मामीटरशेजारी धरला. फरक ०.१ अंश. तो कधी बिघडलाच नव्हता.

२३ जून, सोमवार

तात्यांना फोन केला. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पिल्लं होती का आत?" नाही म्हटलं. "मग ती काल गेली न्हाई. तीन हप्त्यांपूर्वीच गेली, फक्त उठली काल."

मग नीट समजावलं. सातेरी मुंग्यांच्या किंवा मेणकिड्याच्या हल्ल्यानं एकदम पळते ते वेगळं. भुकेनं जाते तेव्हा तयारी करून जाते. राणी अंडी घालणं कमी करते, मग थांबवते. आधीची पिल्लं मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत वसाहत थांबते. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला वीस दिवसांच्या आसपास लागतात. साठवलेला मध पोटात भरतात आणि उघडीप बघून निघतात. पिल्लं टाकून सहसा जात नाहीत.

रात्री आकडे काढून बसलो. पिल्लं कमी झाली की मध्यभाग ३४-३५ वर धरायचं कारणच उरत नाही. मेअखेर ३४.५, ८ जूनला ३३.१, १५ ला ३१.८, शेवटच्या दिवशी ३०.२, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दोन अंश जास्त. शेजारच्या पेटी १ मधे याच काळात ३४.६, जागचं हललेलं नाही. पाऊस दोघींवर सारखाच पडत होता, आणि सेन्सरही एकाच पाकिटातले.

वजन त्याहून आधी बोलत होतं. २७ मेपासून पेटी २ रोज ६०-७० ग्रॅमनं उतरत होती. फुलोरा पावसानं धुऊन गेला, आतला मध मी ४ मेला काढून नेलेला, आणि पाक मात्र मृगाची वाट बघत थांबला, कारण तसं ठरलं होतं. तात्यांचा मृग म्हणजे "पाऊस लागला की" असा अर्थ होता. मी ७ जून असा वाचला.

माझ्याकडे ३,४५६ ध्वनिफितींचं न्यूरल नेटवर्क होतं आणि "वजन सलग पाच दिवस उतरलं तर कळव" ही एक ओळ नव्हती.

६ जुलै, आषाढी एकादशी

ती ओळ लिहिली. शिवाय दुसरी: दर तीन दिवसांच्या आकड्यांवर एक साधी सरळ रेषा बसवायची, बाहेरचं तापमान एक अंशानं बदललं तर आतलं किती बदलतं. हेही मशीन लर्निंगच, फक्त शाळेतलं. पिल्लं असलेल्या पेटीत उतार शून्याच्या जवळ येतो, पेटी १ मधे ०.०५. पेटी २ चे जुने आकडे घातले तर मेअखेर ०.०७, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ०.३, शेवटी ०.६. सेन्सर अर्धा अंश चुकला तरी उताराला फरक पडत नाही, ही यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पावसाळ्यात बाहेरचं तापमान दिवसभर फारसं हलत नाही त्यामुळे उतार डळमळतो. म्हणून सोबत तीन दिवसांची सरासरीही बघायची. सरासरी ३४ च्या खाली आणि उतार ०.१५ च्या वर, दोन्ही झालं तरच निरोप.

हे एकाच पलायनावरून ठरवलेले आकडे आहेत. मार्चमधली चूक मला पाठ आहे: नमुना एक. पण ही रीत आधी माशीच्या वागण्यावरून सुचली आणि मग आकड्यांत दिसली, पंपासारखं उलटं झालेलं नाही. तेवढ्यावर तूर्त भरवसा.

३ ऑगस्ट, रविवार

पहाटे सहाला निरोप. पेटी ३: सरासरी ३३.८, उतार ०.१९, वजन सहा दिवस उतरतं आहे.

माझा हात थेट झाकणाकडे गेला. तात्या (जुलैच्या मध्यात परत आले) म्हणाले, थांब. टिचकी मारली. "स्स्स", लगेच शांत. राणी आहे. पाकाची वाटी दुपारपर्यंत अर्धी झाली, म्हणजे खातायत. "अजून मन केलेलं न्हाई जायचं. आज उघडलंस तर करतील." दार अर्धं बंद केलं, पाक रोज संध्याकाळी द्यायचा ठरलं.

६ ऑगस्ट, बुधवार

उघडीप. एकदाच उघडली, चार मिनिटं. कडेच्या जुन्या पोळ्यात मेणकिड्याचं जाळं, अळ्या बोगदे करत आत शिरलेल्या. ते पोळं काढलं. माश्यांनी पूर्ण झाकली जातात तेवढ्याच चार चौकटी ठेवल्या, मोकळ्या जागेत फळी. मधल्या चौकटीत अंडी होती, थोडी, पण होती.

मेणकिड्याची कल्पना माझ्या कुठल्याच सेन्सरला नव्हती. निरोपानं फक्त उघडायचा दिवस ठरवला.

२४ ऑगस्ट, रविवार

१८-१९ तारखेच्या पावसात वायफाय दोन दिवस मेलं, कार्डावर सगळं शाबूत. पेटी ३: ३४.५, उतार ०.०६. पाक दिला नसता तर गेली असती का, हे सांगायला दुसरी तशीच पेटी उपाशी ठेवावी लागेल. ते करणार नाही.

निरोपाचा मजकूर बदलायचा आहे. आत्ता येतो तो असा: "पेटी ३. सरासरी ३३.८. उतार ०.१९. सीमा ओलांडली." तात्या म्हणाले, हे कुणाला कळणार? जावळीतल्या त्यांच्या तिघा जोडीदारांच्या पेट्यांना बसवायचं तर त्यांना कळेल असं लिही. त्यांनीच सांगितलं, मी टाइप केलं:

"तीन नंबरला पिल्लं कमी होत्यात. वजन उतरतंय. सांजच्याला पाक ठेवा. झाकण काढू नका."

शेवटची ओळ पहिली आणा म्हणाले. आणली.

पुढच्या रविवारी: पंपाच्या वायरीवर करंटचा सेन्सर, म्हणजे पंप कधी चालू होता ते आवाजाच्या नोंदीशेजारी येईल. पेटी २ धुऊन, आतून जुनं मेण चोळून, जागेवरच ठेवायची. तिचा वजनकाटा चालू ठेवला आहे.